डेबियन १३ चं अपग्रेड फसलं? होम सर्व्हर पुसू नका

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ वरून १३ वर जाताना अपग्रेड मध्येच अडकतं, रीबूट केल्यावर ‘कर्नल पॅनिक... अननोन-ब्लॉक(०,०)’ दिसतं (म्हणजे कर्नल, प्रणालीचा गाभा, डिस्क न सापडल्याने थांबतो), आणि लगेच कुणीतरी सल्ला देतं: सगळं पुसून नव्याने टाका. अजिबात ऐकू नका. तुमचा डेटा, सेटिंग सगळं जागेवर असतं. अशा वेळी बहुधा /बूट पार्टिशन (डिस्कचा कर्नल ठेवायचा भाग) भरलेलं असतं आणि नव्या कर्नलची इनिटरामएफएस फाइल (सुरुवातीला डिस्क शोधून देणारी; /बूटमध्ये तिचं नाव ‘इनिटआरडी’ने सुरू होतं) तयारच झालेली नसते. डेबियन १३ ला /बूट किमान ७६८ एमबी आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या सर्व्हरवर एवढं कुठून असणार?

मॉनिटर-कीबोर्ड जोडा, ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या मेनूच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. चालू झाला तर पेनड्राइव्ह लागतच नाही, थेट जागा मोकळी करायला घ्या.

नाही झाला, तर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून थेट लिनक्स चालू होतं असा. खरी मेख इथे आहे. ‘रूट (मुख्य) पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा म्हणजे जोडा, सीएचरूट करा म्हणजे त्या प्रणालीच्या आत शिरा’ एवढं सांगून लोक मोकळे होतात. पण /बूट वेगळं पार्टिशन असेल तर तेही सीएचरूटच्या आधीच /एमएनटी/बूट वर माउंट झालं पाहिजे. शिवाय पेनड्राइव्हवरच्या प्रणालीचे /डेव्ह, /प्रॉक आणि /सिस तिथे बाइंड करायचे, म्हणजे आतूनही दिसतील असे जोडायचे. /बूट राहिलं तर कमांड बिनतक्रार चालतात, नवी फाइल रूटवरच्या रिकाम्या फोल्डरात जाऊन पडते आणि मशीन पुन्हा त्याच पॅनिकवर येतं. माणूस मग रात्रभर ग्रबला दोष देत बसतो. म्हणून आत शिरल्याबरोबर ‘डीएफ -एच /बूट’ चालवा. /बूट वेगळं असेल, तर ते स्वतंत्र पार्टिशन म्हणून दिसल्याशिवाय पुढे एकही कमांड देऊ नका.

आता जागा. अर्धवट अवस्थेत एपीटी (डेबियनचं पॅकेज टाकायचं-काढायचं साधन) जुना कर्नल काढायला नकार देऊ शकतं. मग सर्वांत जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल रूटवर हलवून ठेवा, पुसू नका. कुठला कर्नल ठेवायचा हे ‘यूनेम -आर’ला (चालू कर्नल सांगणाऱ्या कमांडला) विचारू नका, सीएचरूटमध्ये ते पेनड्राइव्हचा कर्नल सांगतं. /बूटमधल्या फायलींची नावं स्वतः वाचा आणि शेवटचा नीट चाललेला कर्नल राखा.

मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, ‘अपडेट-ग्रब’. नव्या कर्नलची इनिटआरडी /बूटमध्ये आली का, ते डोळ्यांनी पाहूनच रीबूट करा.

मशीन चालू झालं पण एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) लागत नसेल, तर नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असू शकतं. ‘आयपी लिंक’ने नवं नाव बघून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये टाका.