ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये बोलायचं कसं?

कोड कसा लिहायचा हे शिकवणारे ढीगभर लोक भेटतात, पण ओपन सोर्समध्ये (म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या प्रोजेक्टमध्ये) गेल्यावर बोलायचं कसं हे कोणी सांगत नाही, आणि मग चांगल्या चांगल्या मुलांचे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती) कोड बरा असूनही नुसते पडून राहतात. म्हणून मला जे कळलंय ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी समोर कोण आहे ते डोक्यात पक्कं करा. एमआयटीसारख्या ओपन सोर्स लायसन्समध्ये (कोड कसा वापरता येईल ते सांगणाऱ्या परवान्यात) स्पष्ट लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर आहे तसं मिळेल, कसलीही हमी नाही. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नाही आहात. तिकडचा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारी व्यक्ती) बरेचदा दिवसभराची नोकरी उरकून रात्री तासभर लॅपटॉप उघडून बसलेला असतो, आणि त्या एका तासात त्याला पन्नास जणांचं वाचायचं असतं. त्याचा वेळ वाचवणं हाच इथला खरा आदर, 'डिअर सर' लिहिणं नाही (आणि समोर 'सर'च असतील असं धरूनही चालू नका).

आता पहिली पायरी, तोंड उघडण्याआधी वाचा. रीडमी (प्रोजेक्टची ओळख), कॉन्ट्रिब्यूटिंगची फाईल (हातभार कसा लावायचा ते), कोड ऑफ कंडक्ट (वागण्याचे नियम), आणि बंद झालेले इश्यूसुद्धा (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) शोधून बघा, कारण तुमचा प्रश्न आधी कोणीतरी विचारलेला असण्याची शक्यता भरपूर असते.

मग इश्यू लिहा. इथे जरा थांबून सांगते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. "तुमचं टूल चालत नाहीये, अर्जंट आहे, लवकर फिक्स करा", हे वाचून मेंटेनरने करायचं काय? त्याऐवजी असं लिहा: "३.२ व्हर्जनवर सीएसव्ही फाईल इम्पोर्ट केली की प्रोग्रॅम बंद पडतो. ३.१ वर हीच फाईल नीट उघडते. नावाच्या कॉलममध्ये स्वल्पविराम असेल तरच होतं, तो काढला की चालतं. तीन ओळींची फाईल जोडली आहे, एरर खाली टाकलाय. काही टेस्ट करून हवं असेल तर सांगा, मी करते." यात कुठे 'प्लीज' पण नाही, तरी वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण अर्धं काम तुम्ही करून दिलंत. फक्त एक अपवाद, सिक्युरिटीचा बग सापडला तर तो उघड इश्यूमध्ये टाकू नका, प्रोजेक्टने दिलेल्या खाजगी मार्गानेच कळवा.

तोच इश्यू आधीच कोणी टाकला असेल तर खाली 'मलापण', 'प्लस वन' लिहीत बसू नका, प्रत्येक कमेंटचं नोटिफिकेशन जातं. गिटहबवर (असे बरेच प्रोजेक्ट जिथे असतात त्या साइटवर) २०१६ पासून इमोजी रिअॅक्शनची सोय आहे, अंगठा द्या आणि पुढे चला.

त्यानंतर वाट बघा. दोनेक आठवड्यांनी एकदा साधी आठवण केली तर कोणी रागवत नाही, पण रोज टॅग करणं, वैयक्तिक ईमेल शोधून काढून तिथे लिहिणं, हे अजिबात नको. दबाव टाकल्याने काय होतं ते एक्सझेड या फाईल कॉम्प्रेस करणाऱ्या टूलच्या बाबतीत सगळ्यांनी बघितलंय. २०२२ मध्ये त्याच्या मेंटेनरने उघड सांगितलं होतं की तब्येतीचे, मनाचे त्रास चालू आहेत आणि हा बिनपगारी छंद आहे, तरी काही अकाउंट्स मागे लागलेच की काम हळू चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. शेवटी मदतीला आलेल्या एका माणसाला अधिकार मिळाले, आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये त्यानेच घातलेला बॅकडोर (चोरून आत शिरायची वाट) सापडला, तोही आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर लॉगिन करायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. ती मागे लागणारी अकाउंट्स त्याच कटातली असावीत असं मानलं जातं. मला याचं वाईट वाटतं ते यासाठी की तसली भाषा आपल्याकडे इतकी नेहमीची झालीय की कोणाला ती खटकलीच नाही.

पीआर मोठा असेल तर आधी इश्यूमध्ये विचारा, हवाय का म्हणून. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर पीआर पाठवायचा उपक्रम) टीशर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये एखादा शब्द घुसवून पीआर पाठवले, मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला, प्रोजेक्टने स्वतः होकार दिला तरच पीआर धरायचा.

रिव्ह्यू आला की लगेच उत्तर देऊ नका. माझ्या पहिल्या पीआरवर अठरा कमेंट आल्या होत्या, मला रडूच यायचं बाकी होतं, दुसऱ्या दिवशी वाचलं तर अठरापैकी एकही माझ्याबद्दल नव्हती, सगळ्या कोडबद्दल होत्या. पटलं तर बदल करून "केलं" लिहा, नाही पटलं तर कारण द्या, "इथे लूप ठेवलाय कारण यादी रिकामी असू शकते" इतकं पुरतं. आणि नाही म्हणाले तर नाही, लायसन्स तुम्हाला फोर्क करू देतं (म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढून पुढे नेऊ देतं), भांडायची गरज नाही.

तुम्ही स्वतः रिव्ह्यू करत असाल तर 'एवढं साधं कळत नाही?' हे वाक्य कधीच लिहू नका. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या तिखट ईमेल्सबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे सुट्टी घेतली होती, आणि लिनक्स कर्नलने तेव्हाच नवा कोड ऑफ कंडक्ट घेतला. कोणी तुमच्याशी वाईट वागलं तर तिथेच उलट उत्तर न देता कोड ऑफ कंडक्टमध्ये दिलेल्या पत्त्यावर लिंकसकट कळवा.

आणि प्रश्न सुटला की इश्यू तसाच टाकून जाऊ नका. कसा सुटला ते दोन ओळीत लिहा आणि स्वतःच बंद करा, तोच एरर सर्च करत उद्या कोणीतरी तिथे येणार आहे.