रिव्हर्ब घ्यायचाय? मशीन का प्लगिन, पैसे टाकायच्या आधी हे बघा

कोल्हापुरात घरात रेकॉर्डिंग करणारी पोरं आता लई झालीत, राजारामपुरीत फ्लॅटच्या बेडरूममध्ये गाद्या उभ्या करून कोण अभंग करतंय, शिवाजी पेठेत कोण पोवाडा करतंय, आणि फिरून फिरून सगळ्यांचा प्रश्न एकच, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला हॉलसारखं घुमवणारं मशीन किंवा प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), कुठला घेऊ. त्यावर माझा उलटा प्रश्न, कशासाठी पाहिजे? गाणाऱ्याला हेडफोनमध्ये बरं वाटावं म्हणून, का मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून गाणं तयार करताना, वापरायला? ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याच जणांचे पैसे पहिल्या कामासाठी दुसऱ्याचं सामान घेण्यात जातात.

हेडफोनचं आधी उरकू. मंडपात गाणाऱ्या माणसाला साउंडवाला माईकवर भरपूर इको देतो, त्याची सवय झालेली असते, मग स्टुडिओत स्वतःचा कोरडा आवाज कानात आला की गडी बावरतो, जोर लावतो आणि वरचा सा चढायला लागतो. त्याला रिव्हर्ब द्यायलाच लागतो. पण त्यासाठी मशीन लागत नाही. इंटरफेसचं (माईक कॉम्प्युटरला जोडायच्या डब्याचं) डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवा म्हणजे कोरडा आवाज लगेच कानात येतो, आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब सोडा, १०० टक्के वेट, म्हणजे त्याच्यात कोरडा आवाज अजिबात नको. कॉम्प्युटरमधून जाऊन यायला जे थोडे मिलिसेकंद लागतात ते रिव्हर्बला बाधत नाहीत, खऱ्या हॉलमध्ये पण भिंतीवरून आवाज उशिराच येतो की. फक्त रेकॉर्ड होताना ट्रॅक कोरडाच पडला पाहिजे. एकदा आवाजावर छापलेला रिव्हर्ब नंतर काढता येत नाही, काढायचे प्लगिन आहेत पण ते आवाजाचा पार भुगा करतात.

आता मिक्स. डेमो डाउनलोड केला की लोक काय करतात, पूर्ण गाणं लावतात, प्रिसेट (आधीच करून ठेवलेल्या सेटिंग) बदलत बसतात आणि ज्यात जास्त घुमतंय ते भारी वाटतं. असं नको. हलगीची एकच कोरडी थाप घ्या, माईक जवळ ठेवून रेकॉर्ड केलेली, पुढं चार सेकंद शांतता ठेवा. ती थाप रिव्हर्बमधून सोडा आणि हेडफोनवर फक्त शेपूट, म्हणजे थापेनंतर मागं राहिलेलं घुमणं, ऐका. हलक्या रिव्हर्बमध्ये थापेनंतर टरर्र असं दाणेदार ऐकू येतं, किंवा पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा एकच सूर वाजत राहतो. चांगल्या रिव्हर्बमध्ये शेपूट गुळगुळीत विझत जाते, कुठला एक सूर मागं रेंगाळत नाही. मग गळ्यातला एक लांब 'आ'कार सोडा, थापेला बरा वाटलेला रिव्हर्ब आकाराला कधीकधी कोरससारखा डुगडुगतो, हार्मोनियमवर तर सूर ढळल्यासारखाच वाटतो. त्यामुळं मॉड्युलेशनचं (ही डुगडुग घालणारं) बटण कमी करता येतं का ते आधी बघा. शेवटी मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून, ऐका, कारण तुमचं गाणं निम्मे लोक मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणार आणि काही रिव्हर्ब मोनोत गेले की गायबच होतात.

प्रकार कुठला ते गाण्यावर ठरतं. प्लेट म्हणजे मुळात लोखंडी फ्रेममध्ये टांगलेला स्टीलचा मोठा पत्रा, त्याला आवाजानं थरथरवायचं आणि दुसरीकडून पिकअपनं तो थरार उचलायचा. १९५७ ला जर्मनीची ईएमटी १४० आली ती या प्रकारची, वजन साधारण २७० किलो, म्हणजे आपल्या जिन्यावरून चढवायचा प्रश्नच मिटला, प्लगिनच घ्यायचा. पोवाड्याच्या आवाजाला प्लेट मस्त बसते, सव्वा-दीड सेकंद डिके (घुमणं विझायला लागणारा वेळ), ४०-५० मिलिसेकंद प्री-डिले, म्हणजे शब्द आधी पोचतो आणि मग मागून रिव्हर्ब येतो. ढोलकीला छोटी रूम, म्हणजे लहान खोलीसारखा रिव्हर्ब, अर्ध्या सेकंदाच्या आसपास, नाहीतर बोटांचं काम सगळं पुसून जातं. स्प्रिंग, म्हणजे तारेच्या स्प्रिंगमधून आवाज घुमवणारा प्रकार, गिटारला ठीक, हलगी-ढोलकीला लावली तर बोइंग बोइंग करते.

ख्यालाला मात्र जपून. तुम्ही देवल क्लबसारख्या ठिकाणी बैठक समोर बसून ऐकली असेल तर तिथं आवाज कसा जवळचा असतो ते आठवा, आणि प्लगिन उघडला की पहिलाच प्रिसेट कॅथेड्रल, म्हणजे मोठ्या चर्चसारखा. द्रुत तानेत सेकंदाला आठ स्वर धरले तर अडीच सेकंदाच्या शेपटीत वीस स्वर एकमेकांवर चढतात, ती तान राहत नाही, गोंगाट होतो. तिथं दीड सेकंदाच्या आत राहा, आणि तानपुऱ्याला तर जवळजवळ काहीच लावू नका, तो मुळातच घुमतो. सेंडवर (रिव्हर्बकडं आवाज पाठवायच्या वाटेवर) इक्यू टाका, म्हणजे खालचे-वरचे सूर कमी करा, लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओची ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० हजार हर्ट्झच्या वरचं कापायची जुनी पद्धत आहे, तिथनं सुरू करून कानाला पटेल तसं हलवा.

सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात फुकटातच करा. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल तर रीव्हर्बेट (ReaVerbate) आणि रीव्हर्ब (ReaVerb) हे प्लगिन त्यातच येतात, दुसरा कन्व्होल्यूशनचा आहे, म्हणजे एखाद्या खऱ्या जागेचा नमुना त्यात टाकता येतो. ड्रॅगनफ्लाय हा प्लगिन फुकट आहे आणि चांगला आहे. व्हॅल्हाला कंपनीचा सुपरमॅसिव्ह पण फुकट, पण तो मोठ्ठा धुक्यासारखा, अभंगाच्या आलापामागं ठीक, रोजच्या कामाचा नाही. पैसे टाकायचेच तर व्हॅल्हाला व्हिंटेजव्हर्ब, ५० डॉलर, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या डिजिटल मशीनच्या धाटणीचा. सेल लागेल म्हणून थांबू नका, त्यांचा सेल नसतो. माझं म्हणणं असं की एक प्लगिन वर्षभर वापरा, डिके, प्री-डिले आणि डॅम्पिंग (शेपटीतले तीक्ष्ण सूर लवकर विझवणारं) ही तीन बटणं अंगवळणी पडू देत, दहा प्लगिन घेऊन प्रिसेट फिरवत बसण्यात काय अर्थ नाही.

मग हार्डवेअर कुणी घ्यायचं? जो लाइव्ह पण वाजवतो त्यानं, किंवा ज्याला हातानं बटण फिरवल्याशिवाय सुचत नाही त्यानं. घ्यायच्या आधी इंटरफेसची मागची बाजू बघा. दोनच आउटपुट असतील तर ते स्पीकरला गेले, मशीनला पाठवणार कशातनं? किमान चार आउट पाहिजेत आणि परत यायला दोन लाइन इन. पेडल घेणार असाल तर आणखी एक भानगड, गिटारची बरीच पेडलं इंटरफेसच्या लाइन लेव्हलला, म्हणजे गिटारपेक्षा जोरदार सिग्नलला, फाटतात, मध्ये तो सिग्नल कमी करणारा रीअँप बॉक्स टाकायला लागतो, येताना परत गेन द्यायला लागतो आणि तिथं सुरसुर वाढते. मशीनमधून आलेला रिव्हर्ब त्याच दिवशी वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून ठेवा, पुढच्या आठवड्यात गायक दुरुस्ती घेऊन आला की बटणं तशीच असतील याची खात्री नसते.

एक हार्डवेअर मात्र फुकट आहे, तुमचा जिना. जुन्या दगडी वाड्याचा किंवा अपार्टमेंटचा, दोन मजले असले तरी बास. खाली एक स्पीकर भिंतीकडं तोंड करून ठेवायचा, वरच्या मजल्यावर माईक, मिक्समधला आवाज स्पीकरला सोडायचा आणि माईकवर जे येतं ते रिटर्न. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, त्या हिशोबानं माईक लांब नेला की प्री-डिले वाढतो. रात्री अकरानंतर करा, शेजाऱ्यांना सांगून करा, आणि बाहेर कुत्री भुंकायची थांबली की पटकन दोन टेक घ्या. एकदा जमलं की तिथंच फुगा फोडून तो ठो रेकॉर्ड करा आणि कन्व्होल्यूशनमध्ये टाका, जिना कायमचा कॉम्प्युटरमध्ये आला.

सेकंडहँड जुनं रॅक मशीन मिळत असेल तर मागची व्होल्टेजची पट्टी आधी वाचा. जपानचं असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेचं १२०, आपल्या २३० वर सरळ लावलं तर संपलंच, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा. बऱ्याच जुन्या मशीनमध्ये मेमरीची छोटी बॅटरी असते, ती गेली असेल तर सेव्ह केलेले प्रोग्रॅम बंद केल्यावर उडतात, एक प्रोग्रॅम सेव्ह करून, बंद-चालू करून तिथंच बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात जॅक आणि पॉट (बटणामागचे फिरणारे भाग) गंजून खरखरतात, म्हणून प्रत्येक बटण शेवटपर्यंत फिरवा, केबल जॅकमध्ये हलवा, अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्या आणि तीच हलगीची थाप मोबाईलमधनं सोडून ऐका. विकणारा घाई करायला लागला तर नमस्कार करून निघा.