मे महिन्यातबी टिकन असा व्होल्टेज, रायझन ओव्हरक्लॉकवाल्यांसाठी

भाऊ, ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं, त्यासाठी पहिले मदरबोर्ड पाहून घ्या. रायझन (एएमडीचा प्रोसेसर) हाय आन बोर्ड बी४५० नाहीतर बी५५० हाय तं जमते, ए३२० वर मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झले ज्या आकड्यानं गुणलं का क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, येते तो आकडा) हालतच नाही. इंटेलवाल्याचं गणित वेगळं, मी इथं रायझन ३००० आन ५००० चंच सांगतो.

लोकं काय करते, क्लॉक वाढवलं की लगेच व्होल्टेजबी चढवून देते. पण वॅट व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, १.२० व्होल्टचं १.३० केलं तं त्याच क्लॉकवर जवळपास १७ टक्के जास्त गर्मी, आन ते एसीच्या रूममंधी चालून जाईन, आपल्या अकोल्याकडं मे मंधी पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या खोलीचं तं विचारूच नका. म्हणून सेटिंग दुपारी दोन-तीन वाजताच टेस्ट करजा, रात्री पास झालेलं काही कामाचं नाही.

पहिले बायोसमंधी (मदरबोर्डच्या सेटिंगमंधी) सगळं ऑटोवर ठेवून सिनेबेंच (प्रोसेसरले पूर्ण लोड देणारी टेस्ट) चालवा आन हार्डवेअर इन्फो या सॉफ्टवेअरमंधी एसव्हीआय२ टीएफएनवाली ओळ पाहा, खरा व्होल्टेज तोच. एक कोर बूस्ट झाला की १.४ च्या वर उडी मारते, त्यात भेवाचं काही नाही, तेव्हा करंट कमी राह्यते. तोच १.४ सगळ्या कोरले फिक्स देऊन रेंडरिंग केलं तं मात्र प्रोसेसर हळूहळू खराब होते. फिक्स द्याचा असन तं १.२५ पासून चालू करा, १.३ च्या वर मी तरी जात नाही. मल्टिप्लायर ०.२५ नं वाढवा, म्हणजे २५ मेगाहर्ट्झ, ओसीसीटी (सेटिंग टिकते का ते पाहाचं टेस्ट सॉफ्टवेअर) अर्धा तास लावा, हँग झालं की व्होल्टेज एक पायरी वर, नाहीतर क्लॉक एक पायरी खाली. आपल्याकडं खालीच बरं. दुपारी ८५ डिग्रीच्या आत राह्यलं पाह्यजे.

लोड लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर व्होल्टेज किती खाली पडू द्याचा ते ठरवणारी सेटिंग) मधल्या लेव्हलवर ठेवा. एखाद्या बोर्डवर लेव्हल १ सगळ्यात कडक, दुसऱ्यावर तेच सगळ्यात ढिलं, म्हणून दुसऱ्याचा स्क्रीनशॉट पाहून आकडे टाकू नका.

आन बापा, घरच्या लाईनचा व्होल्टेज अन हा व्होल्टेज एक नव्हे! शेतातले पंप चालू झाले की बल्ब मिणमिणते, तो त्रास एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) सांभाळते, त्यासाठी बायोसमंधी हात घालाचं काम नाही. पाण्याच्या कूलरसमोर पीसी ठेवू नका, तुषार आत जाते.

५००० वाला प्रोसेसर असन तं फिक्स व्होल्टेज सोडाच, पीबीओमंधी (एएमडीच्याच बूस्ट वाढवणाऱ्या सेटिंगमंधी) कर्व्ह ऑप्टिमायझर घ्या, मायनस आकडा दिला का तो कोरचा व्होल्टेज थोडा कमी करते, सगळ्या कोरले मायनस १० लावा, मंग १५. यात गंमत अशी का लोडवर मस्त चालते आन नुसतं गाणं ऐकताना रिस्टार्ट मारते. तसं झालं तं विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमंधी व्हीया (WHEA, हार्डवेअरच्या चुकीची नोंद) एरर पाहा, कोणता कोर ते थोडंफार समजते, त्या एकाचाच मायनस कमी करा, म्हणजे १५ चा १०. डिस्प्लेच नाही आला तं प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, सगळं ऑटोवर येते.