वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी वर्गणी: पहिल्या पावतीआधीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षेची मुलं एका खोलीच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि स्वयंपाक सांभाळत अभ्यास करतात. त्यांच्यासाठी वस्तीत वीस खुर्च्यांची अभ्यासिका उभी करणं लोकवर्गणीतून सहज जमण्यासारखं आहे. लोक पैसे देत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. मागच्या वेळच्या पैशांचं काय झालं ते कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून हात आखडतो. तेव्हा हिशेबाची तयारी आधी करा आणि मग दारोदार फिरा.

त्याच्याही आधी जागा. समाजमंदिराची रिकामी खोली नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असते, सोसायटीची खोली असेल तर कमिटीची. तोंडी होकारावर पावती फाडू नका. लेखी परवानगी घ्या आणि त्यात वेळ, वीजमीटर कुणाच्या नावावर आणि किती वर्षांसाठी, या तिन्ही गोष्टी येऊ द्या. पैसे जमलेले आणि खोली नाकारली गेली, असं झालं की पुढची दहा वर्षं त्या वस्तीत कुणी वर्गणीला उभं करत नाही.

आता अंदाजपत्रक. वीस मुलांसाठी दोघांना एक अशी दहा टेबलं, प्रत्येकी ३,५०० धरली तर ३५,०००. वीस खुर्च्या ९०० प्रमाणे १८,०००. वायरिंग, ट्यूब आणि चार पंखे २२,०००. रंगकाम १५,०००. पुस्तकं २५,०००, कुलपाचं कपाट १०,०००. बेरीज १,२५,०००. त्यावर दहा टक्के अनपेक्षित खर्च, म्हणजे १२,५००. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या गावातल्या दोन दुकानांची कोटेशनं घेऊन बदला. वीजबिल, झाडलोट आणि वर्तमानपत्रं हा महिन्याचा खर्च नेहमी विसरला जातो. महिना ४,००० धरले तरी वर्षाचे ४८,००० होतात. म्हणजे उद्दिष्ट १,८५,५००. हा वर्षभराचा खर्च न धरता सुरू झालेल्या अभ्यासिका उद्घाटनानंतर चार-सहा महिन्यांत कुलूपबंद होतात. टेबलं तशीच असतात, बिल थकलेलं असतं.

वस्तीत २५० घरं असतील तर लगेच भागाकार करून घरटी ७४२ रुपये असं ठरवू नका. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना ७४२ जड जातात आणि मेडिकलवाले शेठ ७४२ देऊन मोकळे होतात. वर्गणी उतरंडीसारखी रचा: २१,००० देणारा एक, ११,००० देणारे चार, ५,००० चे आठ, २,००० चे वीस, ५०० चे एकसष्ट आणि २०० चे पन्नास. बेरीज बरोबर १,८५,५०० येते आणि देणारे १४४ होतात. मोठी रक्कम देणारा एक मिळायला तिघा-चौघांकडे जावं लागतं, तेवढी नावं आधी कागदावर काढा. त्यातली काही वस्तीबाहेरची असतील: इथून शिकून गेलेले, इथे दवाखाना चालवणारे डॉक्टर, शाळेचे माजी विद्यार्थी.

वरचे पाच जण आधी गाठा, गाजावाजा न करता. त्यांचे ६५,००० हाती आले की मगच पत्रक छापा. शून्यापासून मागणारा माणूस आणि तिसरा हिस्सा जमवून मागणारा माणूस यांना दारात मिळणारं उत्तर वेगळं असतं. सुरुवात समितीच्या स्वतःच्या वर्गणीने करा, कारण पहिला प्रश्न हमखास येतो: "तुम्ही किती दिले?"

मोठे देणगीदार मिळाले म्हणून २०० रुपयांचं घर वगळू नका. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने एकेक पैसा मागूनच भांडवल उभं केलं आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरांतून मूठमूठ धान्य यायचं. ज्या घराने वीस रुपये दिले त्या घरातलं पोर अभ्यासिकेच्या काचेवर दगड मारत नाही.

पैसे घ्यायचे कुणाच्या नावाने? मंडळ नोंदणीकृत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. नंतर जमाखर्च त्याच कार्यालयात सादर करायचा असतो. आमच्या मते त्याहून सोपी वाट म्हणजे वस्तीतल्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणं, मग ते सार्वजनिक वाचनालय असो वा महिला मंडळ. त्यांच्या खात्यात पैसे, खतावणीत वेगळं पान आणि "ही रक्कम फक्त अभ्यासिकेसाठी" असा ठराव. खात्यावर तिघांची नावं, चेकवर कोणत्याही दोघांच्या सह्या.

कार्यकर्त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका, तो कितीही विश्वासाचा असला तरी. त्याच्या पगारात, किराण्यात वर्गणी मिसळते, चार महिन्यांनी त्यालाच सांगता येत नाही कोणते पाचशे कुणाचे. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव आणि पत्रकावरचं नाव एकच असू द्या, नाव वेगळं दिसलं की माणूस फोन खिशात टाकतो.

पावतीपुस्तकावर थोडं थांबू, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. ५० पावत्यांची पुस्तकं छापून घ्या, अनुक्रमांक छापलेला, खाली स्थळप्रत. पावतीवर संस्थेचं नाव, नोंदणी किंवा परवानगी क्रमांक, रक्कम अंकी आणि अक्षरी, रोख की यूपीआय, कामाचं नाव आणि घेणाऱ्याची सही. यूपीआय असेल तर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे लिहा, बँकेच्या पासबुकाशी ताळा घालताना तेच कामी येतात. कोणतं पुस्तक कुणाला, कोणत्या तारखेला दिलं याची वही ठेवा आणि घेणाऱ्याची सही घ्या. चुकलेली पावती फाडून टाकू नका. दोन्ही प्रतींवर "रद्द" लिहून पुस्तकातच ठेवा. पुस्तकातला एक नंबर गायब झाला की लोकांना बाकीच्या ४९ नंबरांचीही शंका येते. रोख रोजच्या रोज दोघांनी मोजायची, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची. जमलेल्या नोटांतून परस्पर सुताराला आगाऊ देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. जमा पूर्ण खात्यात, खर्च पूर्ण खात्यातून.

फिरायला जोडीने जा, एक बाई असलीच पाहिजे. घरी बऱ्याचदा बायकाच असतात आणि अनोळखी दोन पुरुषांना दार उघडत नाहीत. पगाराचा पहिला आठवडा, संध्याकाळी सात ते नऊ किंवा रविवारी सकाळी दहा ते बारा. जूनमध्ये शाळेच्या फिया असतात, भाद्रपदात गणपती, पुढे नवरात्र. त्या दिवसांत आणखी एक वर्गणी कुणालाही नको असते. जानेवारी-फेब्रुवारी बरा, परीक्षाही डोळ्यांसमोर असते.

दारात रक्कम मागू नका, वस्तू मागा. "काकू, समाजमंदिराच्या खोलीत मुलांना अभ्यासाला जागा करतोय. एका खुर्चीला नऊशे लागतात. तुमच्याकडून एक खुर्ची धरू का?" एवढं बोलून गप्प राहा. घाईने "नाहीतर शंभर दिले तरी चालतील" म्हणालात की शंभरच मिळतात. "नंतर बघू" म्हटलं तर "पाच तारखेनंतर येऊ का?" विचारा, तारीख वहीत लिहा आणि त्याच तारखेला जा. नकार दिला तर आभार मानून निघा, दुसऱ्या घरी त्याची चर्चा नको. जबरदस्तीने घेतलेली वर्गणी ही वर्गणी राहत नाही.

दुकानदारांकडून वस्तू आणि श्रम घ्या: रंगवाल्याकडून दहा लिटर रंग, इलेक्ट्रिशियनकडून दोन दिवसांची मजुरी. पावतीत वस्तू आणि नग लिहा, अंदाजपत्रकातून तेवढी रक्कम वजा करा. नाहीतर रंगही मिळतो आणि रंगाचे पैसेही जमा होतात, मग कुणीतरी ते दाखवून देतं.

मोठे देणगीदार ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, विचारतात. ही सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच मिळते, तीही जुन्या करप्रणालीत, आणि २,००० पेक्षा जास्त रोख रकमेवर मिळत नाही. त्यांच्याकडून चेकच घ्या. परदेशातल्या नातेवाइकांबाबत जपून. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाहीत, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी. मावसभाऊ अमेरिकेत असला तर आधी पासपोर्ट विचारा.

चौकात फळा लावा आणि दर रविवारी लिहा: जमा, खर्च, शिल्लक, किती घरांनी दिले. नावांची यादी लावायची तर रकमांशिवाय, सगळ्यांची, बाराखडीच्या क्रमाने. काम संपल्यावर महिनाभरात बिलांची फाइल अभ्यासिकेतच टेबलावर ठेवा, कुणीही चाळावी अशी. पैसे उरले तर त्यांचं काय करायचं हे बैठकीत ठरवून फळ्यावर लिहा.

दुसऱ्या वर्षीचे ४,००० महिना कुठून, हे पहिल्या वर्षीच ठरवायला हवं. शंभर रुपये महिना देणारी ४० घरं लागतात. पाच-दहा गळतात, म्हणून ५० नोंदवा. त्यांच्याकडे जाताना पावतीपुस्तकाबरोबर हजेरीपटही न्या, त्यांच्या गल्लीतली कोणती मुलं रोज येतात ते दाखवा. आणि पहिल्या फेरीत नाही म्हणालेल्या घरांपासूनच सुरुवात करा.