परसात कोंबड्या पाळायच्या आणि शेजारही टिकवायचा, तर

मे महिना, दुपारचे तीन. शेजारच्या काकूंनी दोन बाजांवर धोतर पसरून कुरडया वाळत घातलेल्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून केलेल्या. आणि माझी तांबडी कोंबडी त्या बाजेवर मधोमध उभी. खात नव्हती फारसं, पण पायानं उकरत होती आणि जे करायचं ते करूनही झालं होतं. काकू भिंतीवरून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आज ही माझ्या हातानं मरत होती बगा." पुढे दीड महिना आमच्याकडे ताकाचं भांडं आलं नाही.

परभणीच्या कडेला, प्लॉटिंगमधल्या बाराशे फुटांच्या जागेत मी कोंबड्या पाळतो. खाद्य, लस, खुराडं हे सगळं विचारून-वाचून जमतं. शेजाऱ्याचं गणित मात्र कोणी सांगत नाही, आणि परसातला कोंबडीपालनाचा उद्योग बहुतेक वेळा तिथंच बंद पडतो. म्हणून हा लेख त्या क्रमानं लिहिला आहे.

आधी भिंतीपलीकडे जाऊन या

कोंबड्या आणायच्या आधी जा, आणल्यावर नाही. परवानगी मागायला जाऊ नका. परवानगी मागितली की माणूस विचार न करता नाही म्हणतो. चौकशी करायला जा. तुमचं वाळवण कुठं असतं? घरात रात्रपाळी करून सकाळी झोपणारं कोणी आहे का? बारावीचं पोरगं कोणत्या खोलीत अभ्यासाला बसतं? घरात माळकरी माणूस आहे का? या चार प्रश्नांच्या उत्तरांवर खुराड्याची जागा, कोंबड्यांची संख्या आणि कोंबडा ठेवायचा की नाही, हे सगळं ठरतं.

जुनं काही शिल्लक असेल तर तेही आठवून पाहा. नालीचं पाणी, गाडी लावायची जागा, गावाकडचा सामाईक बांध. अशा घरी कोंबडीची तक्रार कोंबडीची नसतेच. तिथं पहिल्यांदा नाली साफ करा.

पाचच्या वर जाऊ नका

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पाच कोंबड्या म्हणजे जवळपास रोजचं एक अंडं. अंडी जास्त हवी असतील तर वनराज किंवा ग्रामप्रियासारख्या सुधारित जाती घ्या. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं त्या परसासाठीच काढल्या आहेत. ग्रामप्रिया गावरानपेक्षा दुपटीच्या पुढं जाते. म्हणजे अंडी वाढवायला कोंबड्या वाढवाव्याच लागतात असं नाही.

संख्येवर मी एवढा अडतो त्याचं कारण अंडी नाही. एक कोंबडी दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम विष्ठा टाकते. पाचांची महिन्याला पंधरा किलो, पंधरांची पंचेचाळीस. पंधरा किलो दोन कुंड्या आणि एका खड्ड्यात जिरते. पंचेचाळीस किलो भिंतीपलीकडे कळते.

पिलं न आणता चार-पाच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या आणा. महाग पडतात, पण पिलांत निम्मे नर निघतात आणि ते कळेपर्यंत घरातल्या पोरांनी त्यांना नावं ठेवलेली असतात. बाजारात टोपलीत रंगवलेली पिलं मिळतात ना, हिरवी-गुलाबी, ती तर बहुतेक लेअर जातीची नरच असतात. अंड्याच्या धंद्यात त्यांचा उपयोग नसतो म्हणून रस्त्यावर येतात. मी पहिल्या खेपेला हौसेनं दहा पिलं घेतली, त्यात सहा कोंबडे निघाले. सहा!

कोंबड्याचं काय करायचं

अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. हे माहीत असूनही आपल्याकडे लोकांना कोंबड्याशिवाय खुराडं अपुरं वाटतं. कोंबडा फक्त पिलं काढण्यासाठी लागतो. तेवढ्यासाठी ओळखीच्या माणसाकडून फलित अंडी आणा आणि खुडूक कोंबडीखाली ठेवा. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात.

कोंबडा ठेवलाच तर दोन गोष्टी समजून घ्या. एक, त्याचं आरवणं जवळून शंभर डेसिबलच्या वर जातं, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन, अंधार करून तो गप्प बसत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेची वेळ धरून आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या शरीरात असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण म्हणत आलोच आहोत. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, एवढी त्यात भर.

पोती टाकून, डालग्याखाली झाकून आवाज थोडा दबतो, इतकंच. गावात, मोकळ्या वस्तीवर, जिथं सगळ्यांकडेच कोंबडे आहेत तिथं हा प्रश्न येत नाही. प्लॉटिंगमध्ये मात्र कोंबडा नको, हे माझं मत पक्कं आहे. नवसाचा असेल तर जत्रेपर्यंत गावाकडे भावाच्या शेतात ठेवा. माझे सहा मी आखाडात विकले. त्या महिन्यात गावरान कोंबड्याला गिऱ्हाईक घरी चालत येतं.

कोंबडा नसला म्हणजे अगदी शांतता असते असंही समजू नका. अंडं घालून उठलेली कोंबडी पाच-दहा मिनिटं गल्लीला ऐकवते. पण ते बहुधा सकाळी उजाडल्यानंतर, त्यामुळे खपून जातं.

खुराडं

एका कोंबडीला आत किमान दोन चौरस फूट जागा आणि बसायला दांडी. नुसती मुर्गाजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, म्हणून खालचे दोन फूट जाड वेल्डजाळी लावा आणि बुडाशी फूटभर खोल दगड पुरा. मुंगूस उकरून येतं.

जागा ठरवताना वारा बघा. पावसाळ्यात आपल्याकडे वारं पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतं आणि वासाचा त्रासही पावसाळ्यातच सगळ्यात जास्त. म्हणून खुराड्याच्या पूर्वेला किंवा ईशान्येला शेजाऱ्याची खिडकी येणार नाही अशी जागा शोधा. सामाईक भिंतीला खुराडं टेकवू नका. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवा. तुम्हाला वास येत नसेल तर त्यांना येणारच नाही, आणि येत असेल तर तुम्ही आपोआप साफ कराल.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पत्र्याखालची कोंबडी धापा टाकत मरते, तिला घाम येत नाही. पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाका, बाजूला ओली पोती लावा, पाणी दिवसातून दोनदा बदला.

वास आणि माशा

कोंबडीच्या विष्ठेला ओल लागली की त्यातून अमोनिया सुटतो, नाकात झोंबतो तो हाच. कोरडी विष्ठा फारशी वासत नाही. म्हणजे लढाई विष्ठेशी नसून पाण्याशी आहे.

तळाला तीन-चार इंच कोरडी गादी टाका. पुस्तकात भाताचं तूस लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते कुठून आणायचं? सोयाबीनचं भुसकट घ्या किंवा आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा. आठवड्यातून दोनदा दाताळ्यानं खालीवर करा. मूठभर उचलून दाबा: गोळा झाला तर ओली आहे, मोकळी सुटली तर ठीक. ओली निघाली तर तेवढा भाग काढून टाका, विझवलेला चुना थोडा भुरभुरा आणि वर कोरडं भुसकट घाला. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. जमिनीवरच्या परातीत त्या पाय घालतात आणि सगळी गादी भिजवतात. माझ्याकडचा अर्धा वास या एका बदलानं गेला.

काढलेलं खत ताजं झाडाला घालू नका, मुळं जळतात. शेणात मिसळून दोन-तीन महिने खड्ड्यात कुजू द्या. मग गोणीभर शेजाऱ्याला द्या. अंडी देण्यापेक्षा हे बरं. आमच्या पलीकडचे अप्पा पंढरीचे वारकरी, त्यांना अंडी द्यायला गेलं तर कोण पंचाईत. पण त्यांच्या जास्वंदीला आता आमचंच खत असतं.

अप्पांसारखा शेजारी असेल तर कोंबडी परसात कापूही नका. पिसं उडतात, पोटातलं टाकलं की कुत्री जमतात, आणि एकादशीला हे दिसलं तर माणूस बोलत नाही, पण विसरतही नाही.

हद्द

खरी भांडणं इथं होतात. वाळवण, मेथीचा वाफा, अंगणात पसरलेलं सोयाबीन, धुतलेल्या फरशीवरचे पाय. उपाय चार आहेत आणि चारही करावे लागतात.

नवीन कोंबड्या आणल्यावर आठ-दहा दिवस खुराड्यातच कोंडा. घर कोणतं ते त्यांना कळतं. मग दिवसभर न सोडता दुपारी चारनंतर सोडा. बहुतेक अंडी दुपारच्या आत घालून झालेली असतात, म्हणून अंडी तुमच्याच खुराड्यात पडतात. आणि अंधार पडायला लागला की त्या आपण होऊन परत येतात, लांब भटकायला वेळच उरत नाही. या एका सवयीनं अंड्याच्या मालकीचा वादही मिटतो. शेजाऱ्याच्या गव्हाणीत कोंबडीनं घातलेलं अंडं कोणाचं, यावर मी गावात दोन सख्ख्या जावांना महिनाभर अबोला धरताना पाहिलं आहे. (माझं मत: गव्हाण ज्याची, अंडं त्याचं. मागायला जाऊ नका.)

तिसरं, पंख कातरा. एकाच पंखाची, टोकाकडची मोठी पिसं निम्म्यावर कापायची. तोल जातो, भिंत चढत नाही. दुखत नाही, पण नव्यानं येणारं, बुडाशी रक्त दिसणारं पीस कापू नका. पिसं झडून नवी आली की पुन्हा कातरावं लागतं.

चौथं, वाळवणाच्या दिवसांत कोंबड्या अजिबात सोडायच्या नाहीत. उन्हाळ्यात काकू भिंतीवरून "उद्या कुरडया हायत" असं सांगतात आणि मी कडी घालतो. आणि नुकसान झालंच, तर तिथल्या तिथं भरून द्या. कुरडयांचे पैसे काकू घेणार नाहीत, गहू द्या.

रोग

मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, एका खुराड्यातून गल्लीभर जाते, आणि "तुमच्यामुळं आमच्या मेल्या" हे वाक्य मग आयुष्यभर पुरतं. त्यावर दोन लसी आहेत: पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. लसीची कुपी शेकडो मात्रांची असते आणि फोडली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. म्हणून जवळपासच्या सगळ्या कोंबडीवाल्यांना एका सकाळी बोलवा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात लस आणा, सगळ्यांच्या एकदम टोचून घ्या.

जानेवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी बाधित जागेच्या एक किलोमीटर परिसरातल्या सगळ्या कोंबड्या नष्ट करतात, परसातल्या चारसुद्धा. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, तेही याच रोगानं. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या किंवा आसपास कावळे पडलेले दिसले तर हात लावू नका, नालीत फेकू नका, १९६२ ला फोन करा. आणि शेजाऱ्याला स्वतः सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर तुम्ही लपवलं असं होतं.

तरीही पेटलं तर

तोंडावर उत्तर देऊ नका. काय झालं, कधी झालं ते वहीत लिहा, तुम्ही काय दुरुस्त केलं तेही लिहा, खुराड्याचे फोटो ठेवा. मग दोघांचं ऐकतील अशा एका माणसाला मध्ये घ्या. खेड्यात तंटामुक्त समिती आहे; ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झाली आणि असले तंटे तिथं मिटावेत हाच तिचा हेतू. शहरात असाल तर पालिकेचे स्थानिक नियम आधीच विचारून ठेवा.

कोंडवाड्याची धमकी कोणी दिली तर हसू नका, पण घाबरूही नका. १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यात हत्तीपासून शेळीपर्यंत जनावरं आहेत, कोंबडी नाही. वास आणि आवाजाची तक्रार मात्र खरी ठरू शकते: सार्वजनिक उपद्रव म्हणून दंड होतो आणि दंडाधिकारी उपद्रव हटवायचा आदेश देऊ शकतात. उलट बाजूनं, चिडून कोणी कोंबड्यांना विष घातलं तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संशय आला तर मेलेली कोंबडी पुरू नका, आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. तोवर कोणाचं नाव घेऊ नका. आमच्याकडे एकदा तीन कोंबड्या एका रात्रीत गेल्या, माझा संशय थेट भिंतीपलीकडे. सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात उकरलेलं भोक सापडलं, मुंगसाचं. त्या भोकात दगड बसवायला घमेलं आणि पहार अप्पांनीच दिली.