बदकाचं घरटं कुठं टिकतं? वही घालून बघा

हिवाळ्यात येणारे थापट्या आणि तलवार बदक घरट्यांच्या या नोंदीत धरू नका. ते पाहुणे, अंडी घालायला उत्तरेकडे जातात. पवईसारख्या तलावांवर पावसाळ्यात शोधायची ती हळदी-कुंकू आणि अडई. हळदी-कुंकू ओळखायला सोपं: चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके.

वहीत तीन रकाने पाडा: काठचं गवत, पाण्यातलं पाणकणीस, झाड. हळदी-कुंकू जमिनीवर, दाट गवतात घरटं करतं. पाऊलवाट आणि पाणी यांच्यामधला पट्टा अरुंद असेल, तर कुत्रं किंवा मुंगूस नाक खाली घालून सरळ चालत गेलं तरी घरट्यावर पोचतं. पाणकणसात त्यांची डाळ शिजत नाही, पण एका रात्रीत पाणी चढलं की अंडी बुडाली. अडई झाडाची ढोलीही वापरते. तिथं कुत्र्याचा प्रश्न नाही. मात्र पावसाळ्याआधीच्या छाटणीत पोकळ फांदीच आधी जाते, म्हणून ढोली कुठल्या झाडाला आहे ते मे महिन्यातच टिपून ठेवा.

घरट्याजवळ जाऊ नका. पहिल्या वर्षी मी हौसेनं गवत बाजूला सारून अंडी मोजली, नऊ होती. चार दिवसांनी माझ्याच पायानं पडलेल्या वाटेवर कुत्र्याचे ठसे आणि घरटं रिकामं. आता दुर्बीण घेऊन लांबूनच बघते. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं शिकारीतच मोडतं.

हिशेबात बहुतेक जण फसतात. पाच घरटी दिसली, तिनांतून पिल्लं बाहेर पडली, म्हणजे साठ टक्के यश? छे! तुम्ही पोचायच्या आधीच उद्ध्वस्त झालेली घरटी तुम्हाला दिसलीच कुठं? म्हणून घरटी नाही, दिवस मोजा. समजा, गवतातली चार घरटी मिळून ६० दिवस पाहिली आणि त्यातली तीन गेली. म्हणजे रोजचं नुकसान ३ भागिले ६०, पाच टक्के. किरकोळ वाटतं ना? रोज एक याप्रमाणे दहा अंडी आणि उबवायचे साधारण २४ दिवस धरा, ०.९५चा ३४ वेळा गुणाकार केला की जेमतेम १७ टक्के घरटी उरतात. प्रत्येक रकान्याचा हिशेब वेगळा करा, आणि घरटी दोन-तीनच असतील तर निष्कर्षाची घाई नको.

मादी सलग दोन-तीन दिवस दिसली नाही, तरच एकदा जवळ जाऊन टरफलं बघा. आतला पांढरा पापुद्रा चामड्यासारखा सुटून आला असेल तर पिल्लं बाहेर पडली. तो टरफलाला चिकटून, बलकानं माखलेला असेल तर कुणीतरी फडशा पाडला. टरफलंच नसतील तर 'माहीत नाही' लिहा, अंदाजानं 'यशस्वी' नको.