शेतीचा प्रकार शिवारात कसा ओळखावा

भूगोलाच्या प्रकल्पासाठी शेतीचे प्रकार नोंदवताना बहुतेक विद्यार्थी पिकापासून सुरुवात करतात आणि तिथेच गल्लत होते. माण तालुक्यातील ज्वारी घरच्या भाकरीसाठी आणि कडब्यासाठी पिकवली जाते. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात तीच ज्वारी अवाढव्य शेतांत यंत्रांनी पेरून मुख्यतः पशुखाद्यासाठी आणि निर्यातीसाठी काढली जाते. पीक एकच असले, तरी शेतीचे प्रकार दोन आहेत.

म्हणून डर्वेंट व्हिटलसी या अमेरिकी भूगोलज्ञाने १९३६ मध्ये मांडलेल्या पाच कसोट्या वहीत लिहून घ्याव्यात: पीक व पशुधन यांची सांगड, मशागतीच्या पद्धती, जमिनीमागे लागणारे श्रम व भांडवल, मालाचा विनियोग आणि शेतावरील घरे-गोठ्यांची रचना. माझ्या मते सुरुवात चौथ्या कसोटीपासून करावी. घरात किती धान्य ठेवले, किती विकले आणि कोणाला विकले, एवढे विचारले की निम्मे उत्तर हाती येते. गावातील पिकांची नोंद सातबाऱ्यावर मिळते. मात्र माल कुठे जातो हे त्यावरून कळत नाही, ते शेतकऱ्याशी बोलूनच समजून घ्यावे लागते.

पाटण किंवा जावळीच्या डोंगराळ भागात जायचे असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर जावे. भाताच्या रोपवाटिकेसाठी ठरवलेल्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा आणि वाळल्या फांद्या पसरून राब भाजला जातो. त्यामुळे तणाचे बी जळते आणि राख खत म्हणून उपयोगी पडते. पुढे तिथे वाढलेली रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावली जातात. ही आग पाहून अनेक जण ‘स्थलांतरित शेती’ असे लिहून मोकळे होतात. ॲमेझॉन किंवा काँगोच्या खोऱ्यातील स्थलांतरित शेतीत आणि ईशान्य भारतात झूम म्हणतात त्या शेतीत मात्र काही वर्षांनी कस गेलेला तुकडा सोडून दुसरीकडे जंगल तोडले जाते. इथे खाचर पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते, लावणीला घरचे सगळे हात लागतात आणि तांदूळ बहुतांशी घरातच खाल्ला जातो. म्हणून ही सखोल उदरनिर्वाहक शेती होय.

कराड आणि वाळवा तालुक्यांतील ऊस खरी कसोटी पाहतो. एकाच पिकाची दाटी, कारखाना आणि मजुरीवर आलेली तोडणीची टोळी पाहून कॅरिबियन बेटांवरील मळ्यांची आठवण होते. पण तिथे मोठी जमीन एकाच मालकाची किंवा कंपनीची असे. कृष्णाकाठी लहान-लहान धारण क्षेत्रांचे मालक स्वतः ऊस लावतात आणि त्यांपैकी अनेक जण सहकारी कारखान्याचे सभासद असतात. त्यातच गोठ्यात दोन म्हशी असतील, त्यांना वाढे (उसाचे हिरवे शेंडे) घातले जात असेल आणि दूध डेअरीला जात असेल, तर त्या कुटुंबाची शेती मिश्र शेतीकडे झुकते. आकारमानही ध्यानात ठेवावे: २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर होते, तर अमेरिकेत २०१७ मध्ये ते सुमारे १८० हेक्टर होते. त्यामुळे अवाढव्य शेतांत यंत्रांनी होणाऱ्या विस्तृत धान्यशेतीचा नमुना आपल्याकडे शोधू नये.

माण, आटपाडी आणि जत भागांत पशुधनाची कसोटी विसरू नये. धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन चाऱ्यासाठी दूर जातात. वाटेत शेतकरी त्यांना रिकाम्या रानात रात्री बसवून घेतो. लेंडी आणि मुताने रान खतावते, त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. पशुपालन आणि जिराईत शेती हे पुस्तकात दोन स्वतंत्र प्रकार असले, तरी इथे ते एकमेकांच्या आधाराने चालतात, आणि ही देवाणघेवाण सविस्तर नोंदवण्याजोगी आहे.

पिकाच्या मूळ प्रदेशासाठी तक्त्यात एक रकाना पुरे: ज्वारी आफ्रिकेतील, ऊस न्यू गिनीतील, मका मेक्सिकोतील, सोयाबीन चीनमधील.

नोंदीवर हंगाम आणि वर्ष न चुकता घालावे, कारण पाणी आले की प्रकार बदलतो. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आटपाडीपर्यंत नेले; अशा गावात जुन्या जाणत्यांना पाणी येण्यापूर्वीची पिके विचारून वेगळ्या रकान्यात लिहावीत. एकाच घरी ठिबकवरचे डाळिंब बाजारासाठी आणि कोरडवाहू बाजरी पोटासाठी असेल, तर दोन्ही प्रकार गट क्रमांकानुसार स्वतंत्र नोंदवावेत. त्यांची सरासरी काढून एकच नाव देऊ नये.